फिलर करावं का? आणि करायचं तर कोल्हापुरात की पुण्यात?

महाद्वार_वहिनी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचक आहे. आज लिहितेय कारण हा विषय घरात काढता येत नाही आणि मैत्रिणींत काढला तर संध्याकाळपर्यंत बिंदू चौकात पोचेल.

वय 47. महाद्वार रोडला साड्यांचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकांसमोर उभी असते. गेल्या वर्षी साखर काठावर आली, म्हणून पहाटे रंकाळ्याला चक्कर, रात्रीचा भात बंद, असं करत करत 14 किलो वजन उतरवलं. डॉक्टर खूश. मीही खूश. पण चेहऱ्याची गालफडं बसली. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत दोन चर पडलेत, ओठ पण आधीपेक्षा बारीक वाटतात. दिवसाला निदान चार बायका विचारतात, "वैनी, आजारी होता काय?" एकीनं तर स्वतःहून तपासण्यांची यादी लिहून दिली.

डिसेंबरात पुतण्याचं लग्न आहे. साज आणि नथ गुजरीतून उजळून आणलीय. पण घालून आरशात बघितलं की साजाआधी चर दिसतात.

पुण्याच्या नणंदेनं फिलर, म्हणजे चेहऱ्यात भर घालायचं इंजेक्शन, सुचवलं. मी इथे दोन ठिकाणी विचारून आले. एके ठिकाणी एका सिरिंजचे 22 हजार, ज्युव्हेडर्म ब्रँडचं म्हणाले. दुसरीकडे 9 हजार, नाव विचारलं तर "मॅडम, सगळं एकच असतंय, कोरियाचं आहे." नणंद म्हणते पुण्यात ये, तिच्या ओळखीचे आहेत, 30 हजार. कोणती कंपनी चांगली, किती सिरिंज लागतात, किती दिवस टिकतं, आणि मुख्य म्हणजे चेहरा वाकडा तर होणार नाही ना? ज्यांनी केलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

तालमीतला_गडी

वैनी, कशाला सुया टोचून घेताय? गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचं, समोर धार काढलेलं म्हशीचं दूध उभ्यानं प्यायचं. महिन्यात गालफडं वर. हलकं घ्या.

महाद्वार_वहिनी

भाऊ, मी दूध प्यायले की गाल राहतात तिथंच आणि कंबर भरते. चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

शिरोळची_सून

वहिनी, मी दोन वर्षांपूर्वी केलंय, म्हणून लिहिते. आधी एक गोंधळ काढून टाका, मी स्वतः दीड महिना त्यात होते. बोटॉक्स वेगळं, फिलर वेगळं. कपाळाच्या आठ्या, भुवयांच्या मधल्या उभ्या रेघा, हसताना डोळ्यांच्या कडेला पडणारं जाळं, हे सगळं स्नायू ओढल्यानं होतं. तिथे बोटॉक्स देतात, तो स्नायूला ढिला सोडतो. तीन-चार दिवसांनी परिणाम दिसायला लागतो, पुरता बसायला दोन आठवडे, आणि तीन-चार महिन्यांत उतरतो. फिलर म्हणजे जिथली भर गेलीय तिथे जेल भरणं. ते त्याच दिवशी दिसतं.

तुमचं वर्णन वाचून तुम्हाला भर हवीय असं वाटतं. मी ओठ आणि गाल दोन्ही केले. ओठांचं आठ महिन्यांत ओसरलं, गालांचं अजून थोडं आहे. दुखलं का? ओठांना हो. सुन्न करायची क्रीम लावली होती, जेलमध्येही भूल मिसळलेली असते, तरी डोळ्यांतून पाणी आलं. गालांना काहीच नाही.

दुसऱ्या दिवशीचा आरसा बघू नका. ओठ असे सुजले होते की सासूबाई म्हणाल्या, "माशी चावली काय गं?" मी हो म्हटलं.

त्वचावैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. सांगलीकडे असते, कोल्हापुरात दवाखाना नाही, त्यामुळे मोकळेपणानं लिहिते. वहिनी, तुमचा पहिला प्रश्न कंपनीचा आहे. तो जरा मागे ढकला. आधी पदार्थ कोणता ते विचारायचं.

आज फिलर म्हणून जे वापरतात त्यातलं बहुतेक हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल असतं. नावात अ‍ॅसिड आहे म्हणून घाबरू नका, भाजत नाही. हा पदार्थ आपल्या कातडीत, सांध्यांत, डोळ्यांत मुळातच असतो, पाणी धरून ठेवणं हे त्याचं काम. तसाच टोचला तर शरीर थोड्या दिवसांत पचवून टाकतं, म्हणून कारखान्यात त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधतात. त्या बांधणीवर जेल मऊ होणार की कडक ते ठरतं. ओठ सतत हलतात, तिथे मऊ लागतं. गालाच्या हाडावर टेकू द्यायचा तर कडक. म्हणून एकाच कंपनीचे पाच-सहा प्रकार असतात. ज्युव्हेडर्ममध्ये व्होल्बेला ओठांना, व्होलुमा गालांना. रेस्टिलेनमध्ये किस ओठांना, लिफ्ट गालांना. तुम्हाला नुसतं "ज्युव्हेडर्म" सांगितलं, ते गिऱ्हाइकानं दुकानात येऊन "सिल्क द्या" म्हणावं तसं झालं. कोणतं सिल्क, कशासाठी, हे तुम्ही विचाराल की नाही?

दुसरे दोन पदार्थही येतात. कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट, म्हणजे रेडिएस, आणि पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिड, म्हणजे स्कल्प्ट्रा. जाणत्या हातात दोन्ही चांगले आहेत, पण ओठांत घालायचे नाहीत, गाठी होतात. शिवाय आत गेल्यावर ते विरघळवून काढता येत नाहीत. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं तसं नाही. हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन दिलं की ते विरघळतं. जास्त झालं, वाकडं झालं, किंवा चुकून रक्तवाहिनीत गेलं, तर माघारी यायला वाट असते. पहिल्यांदा करणाऱ्यानं म्हणूनच याच्यापलीकडे जाऊ नये असं माझं मत आहे. "कायमचं करून देतो, पुन्हा पुन्हा खर्च नको" असं कुणी म्हणालं तर उठून या. चूक झाली तर तीही कायमची असते. आणि द्रव सिलिकॉन चेहऱ्यात टोचणाऱ्याच्या तर दारातही जाऊ नका.

आता तुमचे चर. वजन उतरलं की गालांतली चरबी जाते, वयानं हाडही थोडं झिजतं, मग वरचं कातडं खाली सरकतं. मांडवाचा खांब खचला की कापडाला चुण्या पडतात. चुणीत कापूस कोंबून मांडव वर उठत नाही. नुसते चर भरत गेलं की तोंड माकडासारखं पुढं येतं, असे चेहरे तुम्ही टीव्हीवर बघितले असतील. बऱ्याचदा गालांना टेकू दिला की चर अर्धे कमी होतात, मग उरलंसुरलं बघायचं. एक सिरिंज म्हणजे 1 मिलि, चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. त्यामुळे "दहा सिरिंज लागतील" किंवा "अर्ध्यात सगळा चेहरा करतो", दोन्ही ऐकून सावध व्हा.

वजन अजून उतरतंय की थांबलंय? उतरत असेल तर दोन-तीन महिने स्थिर होऊ द्या. साखरही तपासून घ्या.

निवृत्त_गुरुजी

सुरकुत्या म्हणजे आयुष्यानं लिहिलेली अक्षरं. ती खोडायची कशाला? आमच्या काळी बायका वय मिरवत असत. हा सगळा जाहिरातबाजीचा परिणाम.

महाद्वार_वहिनी

गुरुजी, नमस्कार. आपल्या प्रोफाइलच्या फोटोत मिशा काळ्याभोर आहेत, त्या कोणत्या आयुष्यानं लिहिल्या?

त्वचावैद्य ताई, लई आभार. वजन दोन महिने तेवढंच आहे. सिल्कचं उदाहरण डोक्यात पक्कं बसलं. पण मग पुणं की इथं?

गुजरीची_पोर

धागा पळवतो जरा, माफ करा. मी 20 वर्षांचा आहे... म्हणजे आहे मुलगीच. मला ओठ थोडे भरीव करायचे आहेत. आमच्या गल्लीजवळ एका पार्लरमध्ये बिनसुईचं करत्यात, पेनासारखं यंत्र असतंय, टक टक करून आत जातंय. 4 हजार फक्त. मी बघून आलो, एकीचं करताना पण बघितलं, रक्त नाही काही नाही. सुई नाही म्हणजे धोका कमी ना?

बेळगावी_कुंदा

पोर आहे की पोरगा? आधी ते ठरवा.

गुजरीची_पोर

कोल्हापूरची हाय. आमच्यात पोरी असंच बोलत्यात, "मी आलो, मी गेलो." सवय करून घ्या.

त्वचावैद्य

त्या पेनाजवळ जाऊ नकोस बाळ. सुई नाही म्हणजे दाब आहे. हवेच्या दाबानं जेल कातडीतून आत फेकलं जातं, मग ते किती खोल जाईल, कुठल्या नसेत जाईल, यावर करणाऱ्याचा काहीच ताबा राहत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, ऑक्टोबर 2021 मध्ये या पेनांबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला होता. आणि पार्लरमध्ये ते 4 हजारांत जे भरतायत ते काय आहे, हे त्यांना तरी माहीत आहे का?

दुसरं, अमेरिकेत ओठांच्या फिलरला मान्यता 21 वर्षांपुढच्यांनाच आहे. तुझे ओठ तुझ्या चेहऱ्याला शोभतात की नाही हे मी न बघता सांगणार नाही, पण वर्षभर थांबलीस तर काही नासत नाही. आणि तुला ताप येऊन गेला की किंवा उन्हात फिरलं की ओठांच्या कडेला पाण्याचे फोड येतात का? येत असतील तर पुढे कधी करताना डॉक्टरांना आधी सांग. ती नागीण नव्हे, पण त्याच कुळातला विषाणू असतो. सुईनं तो जागा होतो, म्हणून आधी गोळ्या देतात.

गुजरीची_पोर

येत्यात ना! प्रत्येक उन्हाळ्यात. हे पार्लरवालीनं विचारलंच नव्हतं.

हातकणंगलेकर

एक वेगळी शंका. आम्ही जैन. बहिणीला करायचंय, पण आई म्हणते यात प्राण्याचं काही असेल तर नको. कुणाला खात्रीनं माहीत आहे का?

त्वचावैद्य

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर थोडं लांबेल.

अमेरिकेत 1981 साली पहिलं मान्यता मिळालेलं फिलर गायीच्या कोलॅजेनचं होतं. त्याची अ‍ॅलर्जी यायची, म्हणून आधी हातावर थोडं टोचून चार आठवडे वाट बघायला लागायची. नंतर हायल्युरॉनिक अ‍ॅसिड आलं. त्यातलं एक जुनं उत्पादन कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलेलं होतं. 2003 मध्ये रेस्टिलेनला मान्यता मिळाली, ते जिवाणूंकडून आंबवून तयार केलेलं. आजची नेहमीची फिलर त्याच पद्धतीची असतात, त्यात प्राण्याचं काही नसतं.

पण विरघळवणारं हायल्युरोनिडेज बऱ्याचदा मेंढ्याच्या किंवा बैलाच्या अवयवापासून काढलेलं असतं. मानवी प्रथिनाची नक्कल करून बनवलेलंही असतं, पण प्रत्येक दवाखान्यात ते असेलच असं नाही. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर प्रश्न येत नाही, काही बिघडलं तर येतो. हे आईंना आधीच सांगा, कारण त्या वेळी विचार करत बसायला वेळ नसतो. बोटॉक्समध्ये मानवी रक्तातलं अल्ब्युमिन असतं, तेही ध्यानात असू द्या.

हातकणंगलेकर

इतकं नेमकं उत्तर कुणी दिलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, "जीव वाचवायला औषध चालतं, ओठ फुगवायला नाही." बहीण अजून विचार करतेय.

नको_ते_केलेली

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते. वहिनी, पुणं की इथं या प्रश्नावर माझं ऐका.

मी इचलकरंजीची. डोळ्यांखाली खड्डे होते. एका ठिकाणी बाहेरगावचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, त्यांच्याकडून भरून घेतले. हात चांगला होता असं सगळे म्हणायचे, मीही म्हणत होते. दहा-बारा दिवसांनी डोळ्यांखाली निळसर फुगवटा दिसायला लागला. उजेडात तर शाई सांडल्यासारखा. फोन केला तर रिसेप्शनवरची म्हणाली, सर आता पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी. मी तीन आठवडे गॉगल लावून फिरले. घरात सुद्धा. शेवटी तिसऱ्या शनिवारची वाट न बघता इथल्याच एका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं, जेल फार वर बसलंय, म्हणून प्रकाश तसा परततो. विरघळवायला लागेल. विरघळवण्याआधी विचारलं, "मधमाशी चावून कधी अंगावर गांधी उठल्यात का?" मला वाटलं गंमत करतायत. पण मधमाशीच्या विषातही तसलंच एन्झाइम असतं म्हणे, ज्यांना त्याची जोरदार अ‍ॅलर्जी आहे त्यांना जपून द्यावं लागतं. दोन वेळा टोचलं, गेलं. डोळे काही दिवस आधीपेक्षा खोल दिसले, मग जागेवर आले.

माझं तर नुसतं दिसण्याचं झालं. रक्तवाहिनीचं झालं असतं तर तिसरा शनिवार उगवेपर्यंत काय राहिलं असतं?

त्वचावैद्य

यांनी मुद्द्यालाच हात घातला. वहिनी, तुमच्या चरांजवळून चेहऱ्याची मोठी धमनी जाते. नाक आणि भुवयांच्या मधली जागा तर त्याहून नाजूक, तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात. फिलर वाहिनीत गेलं किंवा बाहेरून तिला दाबलं तर पुढच्या भागाचं रक्त बंद होतं. क्वचित होतं, पण चांगल्या डॉक्टरांच्या हातूनही होतं. हे मी माझ्यासकट सगळ्यांबद्दल म्हणतेय.

खूण काय? सूज आणि जांभळा डाग नेहमीचाच, त्याला घाबरू नका. पण कातडं एकदम पांढरंफटक पडलं, किंवा जाळीसारखे जांभळे चट्टे उठले, दुखणं वाढतच चाललं, बोटानं दाबून सोडल्यावर रंग परत यायला वेळ लागला, तर लगेच फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. हायल्युरोनिडेज भरपूर मात्रेत आणि काही तासांच्या आत दिलं तर कातडं वाचतं. नजर धूसर झाली किंवा डोळ्यात एकाएकी कळ आली तर हाताशी तास-दीड तासच असतो, तेव्हा थेट डोळ्यांच्या तातडीच्या विभागात जायचं आणि त्याच वेळी डॉक्टरांना कळवायचं.

पुणं 230 किलोमीटर. रात्री अकराला ओठ पांढरा पडला तर तुम्ही साताऱ्याच्या पुढे जाईपर्यंत वेळ निघून गेलेली असेल. नणंदेचे डॉक्टर उत्तम असतीलही, त्याबद्दल शंका नाही. पण तुमचा चेहरा कोल्हापुरात झोपणार आहे.

शिरोळची_सून

"चेहरा कोल्हापुरात झोपणार आहे." वाचनखूण साठवली.

मी हे काही न विचारता केलं होतं. आता अंगावर काटा आला.

तालमीतला_गडी

वैनी, दुधाचं मागे घेतो. त्वचावैद्य ताई, सलाम.

ओपीडीतली_ताई

मी नर्स आहे, अशा ठिकाणी सहा वर्षं काम केलंय. डॉक्टर ताई बोलणार नाहीत त्या बारक्या गोष्टी मी सांगते.

आधी दारावरची पाटी वाचा. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" ही पदवी नव्हे. एमडी किंवा डीडीव्हीएल त्वचारोग, नाहीतर प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच असं काहीतरी हवं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारला तर चांगला डॉक्टर चिडत नाही. चिडला तर तेच उत्तर समजा.

खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा. त्यावर कंपनीचं आणि नेमकं प्रकाराचं नाव, बॅच, मुदत, आणि माल बाहेरून आलेला असेल तर इथल्या आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक असतो. 9 हजारवाल्यांकडे हे मागून बघा, गंमत येईल. सिरिंजसोबत चिकटवायचे स्टिकर येतात, एक फाईलला, एक तुम्हाला. तो घ्या. पुढे कधी गाठ आली तर आत काय आहे हे त्यावरूनच कळतं.

"अर्धी सिरिंज उरली, फ्रीजमध्ये ठेवतो, पुढच्या महिन्यात टच-अप" हे ऐकायचं नाही. एकदा उघडलेली सिरिंज त्याच बैठकीत संपवायची नाहीतर टाकून द्यायची. दुसऱ्याच्या उरलेल्याबद्दल तर बोलायलाच नको.

पक्कं बिल घ्या. सुंदर दिसण्यासाठीच्या उपचारावर जीएसटी असतो, म्हणून "बिल नको असेल तर स्वस्तात" म्हणतात. पण बिल नाही म्हणजे उद्या तुम्ही तिथे गेलाच नव्हता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सरळ विचारा, "हायल्युरोनिडेज आत्ता दवाखान्यात आहे का?" मागवून घेऊ म्हणाले तर नमस्कार करून बाहेर पडा. मी एकीकडे काम करत असताना फ्रीजमध्ये ते नव्हतं, आईस्क्रीम होतं. तिथली नोकरी मी महिन्याच्या आत सोडली.

महाद्वार_वहिनी

आईस्क्रीम! देवा.

उद्या जाते 22 हजारवाल्यांकडे परत, हे सगळं कागदावर लिहून. लग्नाच्या किती आधी करावं?

त्वचावैद्य

निदान चार आठवडे. सूज दोन-तीन दिवस, डाग आठ-दहा दिवस, बसायला दोन आठवडे, आणि काही दुरुस्ती लागली तर तिला वेळ. हळदीच्या आदल्या दिवशी येणाऱ्या नवऱ्या मुली मी परत पाठवते.

आधीचा एक आठवडा अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल नकोत, डाग जास्त पडतात. पण हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, आधी त्या डॉक्टरांना विचारा. दातांचं काम दोन आठवडे आधी किंवा नंतर. झाल्यावर एक-दोन दिवस व्यायाम आणि वाफ बंद, दोन आठवडे फेशियल-मसाज बंद. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी करायचं नाही.

जाता जाता: रंकाळ्याला सकाळी फिरता तेव्हा सनस्क्रीन लावता का? ऊन कातडीला जितकं म्हातारं करतं तितकं वयही करत नाही. एसपीएफ 30 किंवा वरचं, ढग असले तरी. त्यानं गालफडं भरणार नाहीत, पण बारीक सुरकुत्यांना आळा बसेल, आणि ते फिलरपेक्षा किती तरी स्वस्त आहे.

बेळगावी_कुंदा

अवांतर: दुधाची साय आणि हळद कुणी सुचवली नाही अजून, नवल आहे.

शिरोळची_सून

सासूबाईंनी सुचवली. लावली. दोन दिवस पिवळी फिरले. सुरकुत्या जागेवर होत्या.

महाद्वार_वहिनी

सहा आठवडे झाले. कळवायला उशीर झाला, लग्नसराई, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

झालं ते असं. 22 हजारवाल्यांकडे कागद घेऊन गेले. डॉक्टर बाईंनी कागद हातात घेऊन स्वतःच वाचला आणि हसल्या. फ्रीज उघडून इंजेक्शन दाखवलं, आपला मोबाइल नंबर लिहून दिला, आणि म्हणाल्या रात्री कधीही. तिथंच माझं ठरलं. खरं सांगायचं तर त्यांनी 25 सांगितले असते तरी दिले असते.

चरांना त्यांनी हात लावला नाही. दोन्ही गालांना एकेक सिरिंज, व्होलुमा, सुईऐवजी बोथट टोकाची बारीक नळी, कॅन्युला, घालून. तिच्यानं वाहिनीला भोक पडायची शक्यता कमी असते म्हणे, अगदी नसते असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ओठांना मी म्हटलं करा. त्या म्हणाल्या, "गाल वर आले की ओठ पुन्हा बघा, मग ठरवू." त्या दिवशी तिसरी सिरिंज विकायची संधी त्यांनी घालवली. दुकानदार म्हणून मला ते कळतं.

अर्धा तास लागला. उजव्या गालावर शेंगदाण्याएवढा डाग पडला, आठ दिवस राहिला. दुकानात सांगितलं कपाटाचं दार लागलं. चर गेले नाहीत, पण मऊ झालेत, आता ते माझ्या वयाच्या बाईला शोभतील असे आहेत. ओठांचं मी सोडून दिलं. लग्नात "आजारी होता काय" असं एकीनंही विचारलं नाही. एक जाऊबाई म्हणाल्या, "साज नवीन केलास काय?"

हे तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "आजकाल झोप बरी लागते वाटतं तुला." हो म्हटलं. किंमत सांगितली असती तर त्यांची गालफडं बसली असती.

गुजरीची_पोर

वैनी, भारी! मी थांबलो आहे. पार्लरवालीनं दोनदा फोन केला, सूट देतो म्हणाली. त्वचावैद्य ताईंनी लिहिलेलं तिला पाठवून दिलं. तिनं मला ब्लॉक केलं.

ओपीडीतली_ताई

वहिनी, स्टिकर घेतला का?

महाद्वार_वहिनी

घेतला की! दोन्ही. घरात कुठं ठेवावेत कळेना, म्हणून दुकानाच्या खरेदीच्या वहीत शेवटच्या पानावर चिकटवलेत, खाली बिलही टाचलंय. ती वही हे फक्त जीएसटी भरायच्या वेळी उघडतात.

आत्ता लक्षात आलं, ती तारीख 20 आहे.